डावीकडचं स्टूल

मी एक जुना तराजू आहे. भाजी तोलणारा नव्हे. मी काचेच्या पेटीत बसतो आणि वजनांचंच वजन करतो. माझ्या पेटीखाली हिरव्या, जाड लोकरी कापडाची बनात अंथरलेली आहे, आणि त्या बनातीखाली एक पत्र सात आठवडे पडून होतं. पत्र माझ्या नावाचं नव्हतं. ज्यांच्या नावाचं होतं त्यांनी ते पुटपुटत वाचलं, पुन्हा वाचलं, चार घड्या घातल्या आणि बनात उचलून आत सरकवलं. उत्तर पाठवलं नाही. मित्रांनो, एका कागदाला वजन ते काय असणार? पण ते सात आठवडे मी सरळ उभा आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

आधी माझी ओळख करून देतो.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवलं. माझी दांडी पितळेची, आणि ती ज्यावर डुलते ती धार अकीकाच्या दगडाची. दांडीच्या मध्यातून एक लांब काटा खाली लोंबतो आणि त्याच्यामागे पांढरी पट्टी आहे. पट्टीवर बारीक रेघा. काटा आणि पट्टी यांच्यात बोटभर अंतर आहे. हे अंतर नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल. कारागिराने मला पूर्ण केलं तेव्हा त्याने एका पारड्यात डोक्यावरचा एक केस ठेवला. काटा हलला. तो हसला आणि म्हणाला, "झालं. आता तुझ्यापुढे कुणाची लपवाछपवी चालायची नाही." बिचारा! त्याला काय माहीत, लपवाछपवी तराजूत होत नाही, तराजूभोवती होते.

वजनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आलो. वरच्या मजल्यावरची तपासणीची खोली माझी. औषधवाले, सोनार, प्रयोगशाळा यांच्यासाठी बनलेलं प्रत्येक वजन शेवटी माझ्याकडे यायचं. ते डाव्या पारड्यात, आमचं अस्सल वजन उजव्या पारड्यात. नवं वजन जड भरलं तर कानशीने कणभर घासायचं, हलकं भरलं तर बाद करायचं. खोली अरुंद. माझ्या समोर एक खुर्ची, उजवीकडे वजनांचं कपाट, डावीकडे खिडकी. खोलीचा एकच कडक नियम होता. काटा डुलत असेल तोवर कुणी बोलायचं नाही, कारण श्वासाच्या वाऱ्यानेही माझा तोल ढळतो.

हा नियम ज्यांना सगळ्यांत जास्त मानवला ते आमचे मास्तर. त्यांनी शाळेत कधीच शिकवलं नव्हतं. पण दुपारच्या सुट्टीत पुस्तकात नाक खुपसून बसायचे, म्हणून कारखान्याने त्यांना मास्तर करून टाकलं. चाळीस वर्षं ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. हात हलका, नजर अचूक. बोलणं मात्र जिवावर यायचं. काटा थांबला तरी ते बोलत नसत. स्टोअरकीपर म्हणायचा, "मास्तर, तुमच्या खोलीत आलं की मला माझ्याच पोटातली गुरगुर ऐकू येते." मास्तर यावर कानापर्यंत लाल व्हायचे आणि पट्टी पुसायला घ्यायचे.

ती वर्षं माझ्या कौतुकाची होती. पाहुणे आले की त्यांना आधी वर आणत. "हा आमचा राजा," असं माझ्याकडे बोट दाखवून सांगत. मीही फुगत होतो. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मग मॅनेजरबाई नव्या आल्या. उंच, घाईच्या, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणाऱ्या. एके दिवशी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही वजनं पारखता, हे सगळे सांगतात. माणसं कधी तयार करणार? तुमच्यानंतर या खोलीत कोण?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी एक योजना सुरू करतेय," बाई म्हणाल्या. "प्रत्येक जुन्या माणसाने एका नव्या माणसाला वर्षभर आपल्यासोबत घ्यायचं. नुसतं काम नाही शिकवायचं. जबाबदारी घेणं, दुसऱ्याला हाताशी धरणं, चुकलं तर चुकलं म्हणणं, हे सगळं. आणि ही योजना उभी करायची तुम्ही."

"मी? मॅडम, मला चार माणसांत बोलता येत नाही."

"मग लिहा."

लिहायला सांगितल्यावर मात्र मास्तर खुलले. पंधरा दिवस खपून त्यांनी एक वही लिहिली. 'सोबत योजना : नियम व सूचना.' अक्षर मोत्यासारखं, समास आखलेले, एकूण एकतीस नियम. पहिल्या सभेला त्यांनी ती वाचून दाखवली. स्टोअरकीपर मागून म्हणाला, "मास्तर, योजना जाहीर करताय की शिक्षा सुनावताय?" सगळे हसले. मास्तरही हसले, पण वर आल्यावर अर्धा तास ते खिडकीशी उभे होते.

त्या वहीतला अकरावा नियम असा होता : शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याच्या डावीकडे बसावे. यात काही शास्त्र नव्हतं. आमच्या खोलीत उजवीकडे कपाट होतं, एवढंच कारण.

मास्तरांच्या वाट्याला आली ताई. ती पॅकिंगमध्ये होती, वय पस्तिशीच्या पुढे, घरी दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. सगळं पॅकिंग तिला ताई म्हणायचं, वयाने मोठे असलेलेसुद्धा. पहिल्या दिवशी ती स्टूल हातात घेऊनच वर आली. मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले.

"तुम्ही... इथे बसा हवं तर."

"अगं बाई, नको! ती तुमची खुर्ची. मी आपली इथे बरी." आणि तिने स्टूल खिडकीपाशी, माझ्या डाव्या अंगाला ठेवलं.

मास्तर पुन्हा बसले. मित्रांनो, मी ते बसणं पाहिलं आहे. सुटलो बुवा, असं बसले ते. माणूस अर्धा उठतो आणि पुन्हा बसतो, त्या मधल्या क्षणाचं वजन मी तेव्हा केलं नाही. आता रोज करतो.

ताई भराभर शिकली. चिमट्याने वजन उचलणं, पारड्यात अलगद सोडणं, पेटीचं दार लावणं, काटा थांबेपर्यंत गप्प राहणं. गप्प राहणं तिला अवघड जायचं. काटा थांबला की तिचं तोंड सुरू. "मास्तर, माझी सासू अशीच आहे, हलली की घरात कुणी बोलायचं नाही." मास्तर हसू दाबायचे. त्या वर्षात मी त्यांना जेवढं हसताना पाहिलं तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत नव्हतं पाहिलं.

पण तिची मापं चुकत होती. फार नाही, अर्धी रेघ. आणि का चुकत होती ते फक्त मला ठाऊक होतं. माझा काटा पट्टीच्या बोटभर पुढे आहे. समोरून पाहिलं तर तो जिथे असतो तिथेच दिसतो. डावीकडून, तिरकं पाहिलं तर तो अर्धी रेघ उजवीकडे सरकलेला दिसतो. त्यामुळे ताईला प्रत्येक नवं वजन असायला हवं त्यापेक्षा जड भासायचं. ती मन लावून, काळजीने, बरोबर असलेलं वजन घासायला निघायची. मास्तर तिच्या हातातून ते अलगद काढून घेत आणि म्हणत, "राहू द्या, घासायचं मी बघतो."

खोलीची पद्धत अशी होती की शिकणाऱ्याने आकडा पेन्सिलीने लिहायचा आणि शिकवणाऱ्याने त्यावर शाई चढवायची. संध्याकाळी पाचला ताई जायची. मग मास्तर तिची सगळी वजनं पुन्हा तोलायचे, तिचा आकडा खोडरबराने पुसायचे आणि आपला आकडा शाईने लिहायचे. सकाळी ते पान फाडून ऑफिसात जायचं. तिला ते कधी दिसायचंच नाही. तिला वाटायचं, आपले आकडे पास होतात.

एकदा तिने विचारलं होतं. "मास्तर, तुम्ही साडेपाच रेघा म्हणालात. मला तर सहा दिसतात."

काटा थांबलेला होता. बोलायला हरकत नव्हती. मास्तरांचे ओठ हलले. समोर बसलेल्या बाईला, घरचं सगळं उरकून धावत येणाऱ्या बाईला, "तुमचं चुकतंय" म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. ते म्हणाले, "असू दे. हाताला वळण लागेल हळूहळू."

हे चांगुलपण होतं की भित्रेपणा, याचं माप माझ्यापाशी नाही. पण मला हे माहीत आहे की त्यांनी तिला 'उठा, इथून बघा' म्हटलं असतं तर काम दोन मिनिटांत झालं असतं. त्यासाठी खुर्चीतून उठावं लागलं असतं. आणि ती जागा सोडून काय दिसतं, हे मास्तरांनी आयुष्यात पाहिलेलंच नव्हतं.

वर्ष संपलं. मास्तरांनी ताईच्या कागदावर लिहिलं : स्वतंत्रपणे खोली सांभाळण्यास तयार. लिहिताना पेन दोनदा थांबलं, पण थांबून काय उपयोग! दुसऱ्या गावी कारखान्याची नवी शाखा निघाली होती. ताई तिथल्या तपासणीची मुख्य झाली. निघताना तिने माझी काच पुसली आणि मास्तरांना वाकून नमस्कार केला. "तुमचं नाव राखीन," म्हणाली. मास्तरांनी तिचं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं.

आठ-नऊ महिन्यांनी ते पत्र आलं.

मास्तरांना पुटपुटत वाचायची सवय, म्हणून मलाही ते पाठ झालं. "मास्तरांना, सा. न. वि. वि. इथली वजनं केसभर हलकी निघाली. एखाद-दुसरं नाही, मी घासलेली सगळी. मला खोलीतून काढून खोकी बांधायला बसवलंय. माझ्या हाताखालच्या चौघींची मापंही अगदी तेवढीच चुकली, म्हणून लोक म्हणतात, हे ठरवून केलेलं आहे. मुलगा शाळेत यावरून भांडून आला. खुलासा द्यायला दोन महिने दिलेत. पण कसला खुलासा देऊ? मी सगळं तुमच्या खोलीत शिकले तसंच केलं. तुमची वही समोर ठेवून जागासुद्धा तशीच मांडली. आम्ही सगळ्या डावीकडे स्टुलावर बसायचो. समोरची खुर्ची रिकामी ठेवली, तुम्ही कधी पाहायला आलात तर बसाल म्हणून. माझं कुठे चुकलं ते तुम्हीच सांगू शकाल. रागवा, पण सांगा."

उत्तर त्या पत्रातच होतं. मास्तरांनी ती स्टुलाची ओळ दोनदा वाचली आणि त्यांना ते दिसलं नाही. त्यांना दिसलं ते खोडरबर. तिला उत्तर द्यायचं तर पहिलं वाक्य 'तुमचे आकडे मी वर्षभर पुसत होतो' असं लिहावं लागणार होतं. त्यांनी ते लिहून पाहिलं. खोडलं. थोरामोठ्यांची वचनं घालून पाहिलं. तेही फाडलं. मग पत्र बनातीखाली गेलं.

एक आठवडा गेला, दोन गेले. मास्तर जेवणाचा डबा तसाच परत नेऊ लागले. पुस्तक उघडायचे आणि तेच पान धरून बसायचे. याच दिवसांत विजेवर चालणारं, आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं, आणि माझ्यावर कापड पडलं. धूळ बसू लागली. मित्रांनो, खरं सांगतो, मला त्या कापडाचं दुःख झालं नाही. तोंड लपवायला जागा मिळाली म्हणून बरंच वाटलं. मी समोरच्याला खरं दाखवत होतो आणि बाजूच्याला खोटं. दोष जागेचा होता, हे कबूल. पण दोन माणसांना दोन गोष्टी दिसताहेत हे वर्षभर पाहणारा तिथे मी एकटाच होतो.

सातव्या आठवड्याच्या शुक्रवारी मास्तर निवृत्त होणार होते. दुपारी खालच्या मोठ्या खोलीत समारंभ होता. 'सोबत योजने'तून सहा माणसं तयार झाली, म्हणून मास्तरांचा सत्कार. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शिपाई वर आला आणि आमची खुर्चीच उचलून घेऊन गेला. "मास्तर, अध्यक्ष बसायचेत हिच्यावर!"

मास्तरांच्या हातात एक शेवटचं वजन होतं. नव्या यंत्रावर ते तोलायचं त्यांच्या मनाला येईना. त्यांनी माझ्यावरचं कापड काढलं, पेटी उघडली, वजन ठेवलं. बसायला काही नव्हतं. कोपऱ्यात ताईचं स्टूल होतं. त्यांनी ते ओढलं, आणि ते जिथे नेहमी असायचं तिथेच, डावीकडे, ठेवून बसले.

काटा डुलला. थांबला. मास्तरांनी पाहिलं : सहा.

त्यांनी चष्मा पुसला. सहाच.

ते उठले, माझ्यासमोर आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. साडेपाच. पुन्हा स्टुलावर. सहा. पुन्हा समोर. साडेपाच. स्टोअरकीपर त्यांना बोलवायला आला तेव्हा ते चौथ्यांदा उठत होते.

"अहो मास्तर, खाली लोक ताटकळलेत आणि तुम्ही उठाबशा काढताय?"

"बस इथे," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला असा हुकूम सोडला नव्हता. स्टोअरकीपर मुकाट्याने स्टुलावर बसला. "किती दिसतात?"

"सहा."

"आता इकडून?"

"साडेपाच की हो! बिघडला वाटतं म्हातारा."

"तो नाही बिघडला," मास्तर म्हणाले.

खाली काय झालं ते मला स्टोअरकीपरच्या तोंडून कळलं. थोड्या वेळाने तो मास्तरांच्या मागोमाग बडबडत जिना चढून आला. "अहो, निरोपाच्या समारंभात कुणी कबुलीजबाब देतं का? लोक टाळ्या वाजवायला हात वर करून बसले होते, ते तसेच राहिले! 'मी तिला शिकवलं नाही, मी तिच्या चुका झाकल्या, आणि ती चूक तिची नव्हतीच, मी तिला चुकीच्या जागी बसवलं.' अध्यक्षांना तर खुर्चीत नीट बसताच येईना."

त्यांच्यामागून मॅनेजरबाई आल्या. स्टुलावर बसल्या, मग समोर येऊन वाकल्या. दोन्हीकडून आकडे वाचले.

"तिचे आकडे चुकत होते, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही तिला तयार म्हणून सही केलीत."

"केली."

"मी ती सही पाहून तिला पाठवलं, मास्तर. मीही कधी वर येऊन ती कशी बसते ते पाहिलं नाही." बाईंचा आवाज खाली आला. "चौकशीचं मी बघते. पण तिला तुम्ही लिहा. कारखान्याच्या कागदावर नको. आणि आजच."

"ती माफ करेल असं वाटत नाही."

"करायलाच हवं असं कुठे आहे? पण तिला खुलासा द्यायचाय. नऊ दिवस राहिलेत."

मास्तर त्याच स्टुलावर बसले, गुडघ्यावर वही ठेवून. या वेळी वचनं नव्हती, समास नव्हता. तासाभरात पानभर मजकूर झाला. पुटपुटत लिहीत होते, म्हणून थोडा मला ठाऊक आहे. "ताई, तुमचं काही चुकलं नाही. स्टूल उचला आणि माझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीच्या जागी ठेवून बघा, लगेच कळेल. चौघींनाही बसवून दाखवा. तुम्ही एकदा विचारलं होतंत आणि मी उत्तर टाळलं. वर्षभर रोज संध्याकाळी मी तुमचे आकडे पुसले. हे पत्र चौकशीत दाखवा. मी साक्षीला येतो. बोलता येत नाही मला, पण येतो." शेवटी त्यांनी वहीतला अकरावा नियम लिहिला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. मला तेवढा तोंड वर करून मागायचा हक्क वाटत नाही. मी कोपऱ्यात राहिलो तरी चालेल. पण तुम्ही कधी कुणाला शिकवायला बसलात, धाकट्या बहिणीला बेरीज असो की हाताखालच्या माणसाला हुन्नर असो, तर एकदा तिच्या जागी जाऊन बसा. आणि तिचं चुकलं तर तिच्या देखत सांगा. पाठीमागे पुसलेली चूक मोठी होऊन दुसऱ्या गावी उगवते.

पत्राला तिकिटं किती लागतील म्हणून मास्तरांनी पाकीट माझ्या पारड्यात ठेवलं. समोर स्टोअरकीपर वाकला आणि त्याने आकडा सांगितला. मास्तर बाजूला उभे राहिले, मग त्यांनी तिकिटं चिकटवली. "द्या इकडे, ऑफिसच्या टपालात टाकतो," तो म्हणाला.

"नको. ते सोमवारी निघेल."

माझ्या डावीकडच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची टपालपेटी दिसते. मी मास्तरांना रस्ता ओलांडताना पाहिलं. पेटीपाशी ते थांबले. पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला, नक्कीच पुटपुटत. एक सायकलवाला त्यांना वळसा घालून गेला. मग त्यांनी हात पेटीच्या तोंडात कोपरापर्यंत घातला, जणू पाकीट तळाशी पोचवूनच यायचं होतं, आणि हात रिकामा बाहेर आला.